दोन शाळा आणि एक नदी

सिंहगडाला जाताना खडकवासल्याचं धरण लागतं, त्याच्या जवळच एक मोठं सरकारी आवार आहे. पुणेकर त्याला नुसतं 'संशोधन केंद्र' म्हणतात. पण त्याचं हिंदीतलं अधिकृत नाव मला जास्त आवडतं: केंद्रीय जल और विद्युत अनुसंधान शाला. शाला! म्हणजे पाण्याची शाळाच की.

ही शाळा चांगली जुनी. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी एक लहानसा विभाग काढला, तो पुढे खडकवासल्याला आला. धरण वरच्या अंगाला, त्यामुळे प्रयोगांना लागेल तेवढं पाणी उताराने मिळायचं. इथे नद्यांच्या, बंदरांच्या, धरणांच्या प्रतिकृती बांधतात. त्यात पाणी सोडायचं, ते कुठे उसळतं, तळ कुठे खरवडतं ते मोजायचं, आणि मग खरं बांधकाम करायचं. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या सांडव्याचा अभ्यासही इथेच प्रतिकृती करून झाला. म्हणजे नर्मदेचा पूर एका अर्थाने आधी आपल्या खडकवासल्यात येऊन गेला!

आता दुसरी शाळा.

सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडीत क्षेत्रात आली. सगळी सातपुड्यातली, नर्मदाकाठची, भिल्ल आणि पावरा आदिवासींची. तेव्हा हा धुळे जिल्हा होता, १९९८ पासून नंदुरबार. या गावांत रस्ता नाही, वीज नाही. शाळा बऱ्याच ठिकाणी कागदावर होती, पण गुरुजी डोंगर उतरून फारसे येत नाहीत असं गावकरी सांगायचे. आणि जे गाव बुडणारच आहे तिथे नवी इमारत कोण बांधणार?

तेव्हा नर्मदा बचाओ आंदोलनातल्या लोकांनी स्वतःच शाळा काढायचं ठरवलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीला आणि अक्राणी तालुक्यातल्या निमगव्हाणला पहिल्या शाळा सुरू झाल्या. नाव ठेवलं जीवनशाळा. इमारत म्हणजे लाकडाचे खांब आणि बांबूच्या कुडाच्या भिंती. दिवसा वर्ग, रात्री तिथेच मुलांची झोपायची जागा, कारण पाडे एकमेकांपासून लांब. गावाने लाकूड दिलं, धान्य दिलं, अंगमेहनत केली. शिक्षकही तिथलेच, थोडंफार शिकलेले तरुण. मुलं घरी पावरी नाहीतर भिलोरी बोलणारी, त्यामुळे धडे आधी त्यांच्या भाषेत आणि मग मराठीत. ही गोष्ट आज सगळे शिक्षणतज्ज्ञ सांगतात. इथे मात्र ती दुसरा इलाज नव्हता म्हणून सुरू झाली, आणि बरोबर निघाली.

पण मंडळी, ही शाळा उघडली तेव्हाच तिचं बुडणं लिहून ठेवलेलं होतं. १९९३ मध्ये मणिबेलीत पाणी शिरलं. १९९५ ते १९९९ काम थांबलं होतं, मग न्यायालयाने ८५ मीटरपर्यंत परवानगी दिली. त्याच पावसाळ्यात डोमखेडीला लोक घरात चढत्या पाण्यात उभे राहिले. ऑक्टोबर २००० च्या निकालानंतर भिंत टप्प्याटप्प्याने चढत गेली. २००६ मध्ये १२१.९२ मीटर, २०१७ मध्ये दरवाजांसकट १३८.६८. धरण पूर्ण भरलं ते २०१९ मध्ये. गावं विखुरली. कुणी तळोद्याकडच्या वसाहतींत गेलं, कुणी गुजरातेत, कुणी तिथेच डोंगरावर वर सरकलं. जीवनशाळाही तशाच: काही पाण्याखाली गेल्या, काही वर उचलून पुन्हा उभ्या केल्या. कुडाच्या भिंतीचा हा एक फायदा, ती सोडून खांद्यावर नेता येते. दगडी शाळेला ते जमत नाही.

या शाळांतली मुलं चौथीच्या परीक्षेला बसली, पास झाली, पुढे शिकायला गेली. त्यातले काही परत येऊन जीवनशाळेतच गुरुजी झाले.

धरणाचं पाणी मीही पितो, त्यामुळे धरणं वाईट असं म्हणायचा मला अधिकार नाही. पुण्याचं घरघर खडकवासल्यावर जगतं. आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाण्याचा हिशेब चुकला की काय होतं तेही पुण्याने पाहिलं आहे. पहिल्या शाळेचं काम किती मोलाचं आहे ते वेगळं सांगायला नको. पण तिच्या प्रतिकृतीत सांडवा असतो, खडक असतो, पाण्याचा वेग असतो. वरच्या अंगाला कुडाची एक खोली आहे आणि तिथे पोरं पाढे म्हणतायत, हे मोजायचं काम तिच्याकडे कुणी दिलेलंच नव्हतं. खरं तर ते कुणाकडेच दिलेलं नव्हतं.

मुळशी सत्याग्रह १९२१ चा. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारात येऊन शंभर वर्षं उलटली. इतक्या वर्षांत पाणी कसं वागेल हे आपण फार चांगलं शिकलो. बुडणाऱ्या गावातलं मूल पुढच्या जूनमध्ये कुठल्या वर्गात बसेल, याचं उत्तर मात्र चिमलखेडीच्या लोकांना स्वतःच बांबू तोडून शोधावं लागलं.