धामापूरचे तळे : ठेव पूर्वजांची, राखण आपली



मालवणहून चौकेमार्गे नेरूरपारकडे निघालात की वाटेत धामापूर लागते. तिथले तळे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. भगवतीच्या देवळाशी पाया धुवून पुढे गेलेलेही असाल. पण या तळ्याचे वय किती, ते कशासाठी बांधले, हे कधी मनात आले का?

हे तळे १५३० सालचे. विजयनगरच्या राजवटीतले मांडलिक नागेश देसाई यांनी ते बांधवले. शिवरायांनी सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले १६६४ साली. म्हणजे तळे किल्ल्यापेक्षा १३४ वर्षांनी थोरले.

आता कोणी म्हणेल, कोकणात एवढा पाऊस, मग तळे कशाला? बंधूंनो, पाऊस पडतो खरा, पण जमीन उताराची. पाणी वहाळाला लागते, वहाळातून खाडीला आणि खाडीतून दर्याला. शिमगा सरला की विहिरी तळ गाठतात. जुन्या माणसांनी हे ओळखले, बांध घातला आणि पाटाने पाणी खाली धामापूर-काळशाच्या मळ्यांत सोडले. ना पंप, ना डिझेल. पावसाळी भातामागून वायंगण आले आणि माड-पोफळी उन्हाळ्यात तगल्या.

या तळ्याची एक गोष्ट सांगतात. घरात लग्न निघाले की गरिबाने फुलांची परडी पाण्यात सोडायची. दागिने वर यायचे. लग्न झाले की ते परत करायचे. एकाने परत केले नाहीत आणि तेव्हापासून दागिने यायचे थांबले. गोष्ट खरी की खोटी ते सोडा, शिकवण मात्र पक्की आहे : घेतले ते फेडले पाहिजे.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने धामापूर तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. पाहुणे येणार, पैसा येणार. चांगलेच आहे. पण हा पैसा कोणाच्या पदरात पडणार?

इथे विचार करायला हवा. जमीन विकली तर पैसा एकदाच मिळतो, आणि मग आपल्याच कुणग्याच्या जागी उभ्या राहिलेल्या हॉटेलात मुलगा भांडी घासतो. शेते पडीक राहिली तर पाट कोण उपसणार? आणि पाट बुजला तर तळे नुसते फोटोपुरते उरेल. शिवाय पाहुणा येतो दिवाळीत नि मे महिन्यात. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्यासुद्धा बंद असतात. तेव्हा पर्यटन हे जोडपीक समजा, मूळ पीक नव्हे.

मग काय करावे?

१. जमीन विकू नका. राहत्या घरातली एखादी खोली नीट करून पाहुण्यांना द्या. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आहे. त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. तिथे आधी चौकशी करा.

२. पानात आपलेच वाढा : उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, सोलकढी. बाजारातून आणून वाढलेत तर नफा दुकानदाराचा.

३. पाहुण्याला पाट आणि वायंगणाची लावणी दाखवा. तळ्याचा मान या चालत्या शेतीमुळे आहे.

४. तळ्यात साबण, प्लास्टिक जाऊ देऊ नका. पात्रात आणि काठावर बांधकाम होत असेल तर ग्रामसभेत विचारा.

५. पाहुण्यांकडून आलेल्या पैशातला थोडा भाग पाट-बांधाच्या डागडुजीला बाजूला काढा आणि वायंगणाआधी सर्वांनी मिळून पाट साफ करा.

बंधूंनो, सुमारे पाचशे वर्षे हे तळे आपल्याला देत आले आहे. परडी परत करायची पाळी आता आपली.