मैत्री आणि सहवाचन : पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरातील स्त्री-समूहाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास प्रामुख्याने शाळांचा, सुधारकांचा आणि चळवळींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे यांच्या कार्याची नोंद त्यात यथायोग्य झाली आहे. तथापि स्त्रिया शिकल्यानंतर काय वाचीत होत्या, कोणासोबत वाचीत होत्या आणि त्या वाचनातून त्यांच्यामध्ये कोणते नाते निर्माण झाले, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वर्धा जिल्ह्यातील पवनार येथील ब्रह्मविद्या मंदिर हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण होय. येथे स्त्रियांचा एक समूह १९५९ पासून एकत्र राहिला, एकत्र श्रम करीत राहिला आणि एकत्र वाचीत राहिला. या समूहाने जे मासिक चालविले त्याचे नावही 'मैत्री' असेच होते. सहवाचन आणि मैत्री यांचा परस्परसंबंध या समूहाच्या इतिहासातून कसा स्पष्ट होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपरंपरा

स्त्रियांनी एकत्र बसून ग्रंथ ऐकणे ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नव्हती. चातुर्मासातील पोथी, देवळातील पुराण, घरातील हरिविजय किंवा शिवलीलामृत यांच्या श्रवणाला स्त्रियांची उपस्थिती असेच. परंतु तेथे वाचणारा बहुधा पुरुष आणि ऐकणारी स्त्री अशी विभागणी असे. प्रश्न विचारण्याची मोकळीक क्वचितच मिळे.

या चित्राला विदर्भात एक ठळक अपवाद आढळतो. तेराव्या शतकातील महानुभाव पंथाने स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. चक्रधरांना वारंवार प्रश्न विचारणारी महदाइसा 'लीळाचरित्रा'त भेटते. ती केवळ श्रोती नाही, तर जिज्ञासू आहे. तिचे 'धवळे' मराठीतील आद्य स्त्री-काव्यात गणले जातात. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई या वारकरी संतांचे कर्तृत्वही सर्वपरिचित आहे. परंतु या स्त्रियांच्या पाठीमागे स्त्रियांचा स्वतंत्र, टिकाऊ अभ्याससमूह उभा राहिल्याचे दिसत नाही. त्यांची साधना थोर असली तरी ती बहुतांशी व्यक्तिगत राहिली.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलू लागले. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्त्रियांनी सभा भरविणे, लिहिणे आणि वाद घालणे यांची ही सुरुवात होती. मात्र या सभा संपल्यावर स्त्री आपापल्या घरी परत जात असे. वाचनासाठी मिळणारा वेळ हा घरकामातून उरलेला वेळ होता.

गीताईची पार्श्वभूमी

विनोबा भावे ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्यास आले आणि पुढील आयुष्यभर हा जिल्हा त्यांच्या कार्याचे केंद्र राहिला. त्यांच्या मराठी लेखनातील सर्वांत लोकप्रिय कृती म्हणजे 'गीताई'. तिचा उगमच एका स्त्रीच्या वाचनाच्या अडचणीत आहे, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना संस्कृत गीता समजत नव्हती. विनोबांनी त्यांना वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, पण तीही कठीण वाटली. तेव्हा मुलानेच सोपी गीता लिहावी, अशी अपेक्षा मातेने व्यक्त केली. रुक्मिणीबाई १९१८ मध्ये निवर्तल्या. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात वर्धा येथे विनोबांनी हे काम पूर्ण केले आणि १९३२ मध्ये 'गीताई' छापली गेली.

छपाईपूर्वी विनोबांनी आश्रमातील एका वर्गाला ती शिकवून पाहिली. कोणता श्लोक अडतो, कोणता शब्द कळत नाही, हे पाहून त्यांनी पाठात बदल केले. म्हणजेच या ग्रंथाचा अंतिम पाठ एकांतात सिद्ध झाला नाही. तो वाचणाऱ्यांच्या सहभागातून सिद्ध झाला. लेखक आणि वाचक यांच्यातील हे नाते पुढे पवनारच्या सहवाचनाच्या पद्धतीला पायाभूत ठरले, असे म्हणता येईल.

ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना

वर्ध्यापासून काही किलोमीटर अंतरावर धाम नदीच्या काठी पवनार हे प्राचीन गाव आहे. १९३८ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव विनोबा येथे आले व परंधाम आश्रम उभा राहिला. शेताची खोदाई करताना येथे प्राचीन मूर्ती सापडल्या. त्यांपैकी भरत-राम भेटीचे शिल्प आश्रमात प्रतिष्ठित आहे. १९५१ मध्ये येथूनच विनोबा पदयात्रेने दिल्लीकडे निघाले आणि भूदानाच्या निमित्ताने पुढील १३ वर्षे देशभर चालत राहिले.

या पदयात्रेत अनेक तरुण स्त्रिया सामील झाल्या. महादेवीताई, कुसुम देशपांडे, निर्मला देशपांडे, कालिंदी ही त्यांपैकी काही नावे. प्रवचनांची टिपणे घेणे, पत्रव्यवहार पाहणे, चालता चालता अध्ययन करणे हा त्यांचा नित्यक्रम होता. स्त्रियांना ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारला गेला, हा भारतीय अध्यात्माच्या इतिहासातील मोठा दोष होय, असे विनोबांचे मत होते. स्त्रियांनी केवळ शास्त्र ऐकू नये, तर शास्त्र निर्माण करावे, अशी त्यांची अपेक्षा होती. या विचारातून २५ मार्च १९५९ रोजी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली.

येथे एक महत्त्वाचा कालक्रम ध्यानात घ्यावा लागतो. स्थापनेच्या वेळी विनोबा पदयात्रेत होते. ते पवनारला परतले १९६४ मध्ये. त्यानंतर १९६५ पासून काही वर्षे बिहारमधील तूफान यात्रेत गेली. पवनारला त्यांचा स्थिर निवास झाला तो १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेतल्यावर. म्हणजे पहिल्या दशकातील बराच काळ या समूहाचा प्रेरक समूहापासून दूर होता. मार्गदर्शन मिळत असले तरी रोजचे जीवन, मतभेद आणि निर्णय हे भगिनींनाच सांभाळावे लागले. ब्रह्मविद्या मंदिर म्हणजे एका थोर पुरुषाभोवती जमलेला शिष्यवर्ग, ही सर्वसाधारण समजूत या कालक्रमापुढे अपुरी ठरते.

सहवाचनाचे स्वरूप

या समूहात निरनिराळ्या प्रांतांतून आणि भाषांतून आलेल्या भगिनी होत्या. थोडे पुरुषही होते, परंतु संस्थेची धुरा स्त्रियांकडे होती. कोणी प्रमुख नाही आणि निर्णय सर्वसंमतीने घ्यायचे, हा नियम होता. स्वयंपाक, सफाई, शेती, सूतकताई ही कामे भगिनी स्वतः करीत. पहाटे ईशावास्य उपनिषद, दिवसा विष्णुसहस्रनाम आणि सायंकाळी गीतेतील स्थितप्रज्ञ-लक्षणे यांचे सामूहिक पठण होत असे.

पठण आणि वाचन यांत भेद केला पाहिजे. पठणात स्वर जुळतो, वाचनात अर्थ जुळवावा लागतो. पवनारमध्ये दोन्ही होते. विनोबांनी निरनिराळ्या धर्मांतील ग्रंथांचे 'सार' काढले. धम्मपद, कुराण, ख्रिस्तधर्म, भागवत, आसामातील माधवदेवांचा नामघोषा यांची निवडक संकलने तयार झाली. त्यामुळे या समूहाचे वाचन एका संप्रदायापुरते मर्यादित राहिले नाही. सर्व भारतीय भाषांसाठी नागरी लिपीचाही वापर व्हावा, हा विनोबांचा आग्रह याच संदर्भात समजून घेता येतो. लिपीची भिंत दूर झाली तर आसामी किंवा गुजराती ग्रंथ मराठी वाचकाच्या आवाक्यात येतो. पवनारसारख्या बहुभाषक समूहात या विचाराचे महत्त्व रोजच्या व्यवहाराइतके जवळचे होते.

वाचनाला श्रमाची जोड होती, हेही विशेष. घरकामातून उरलेल्या वेळात वाचणारी एकोणिसाव्या शतकातील स्त्री आणि पवनारची भगिनी यांत हा मूलभूत फरक आहे. येथे काम सर्वांचे होते, म्हणून वाचनाचा वेळही सर्वांचा होता. एकीने चूल सांभाळावी आणि दुसरीने ग्रंथ उघडावा, अशी कायमची वाटणी नव्हती. मैत्रीला जी समानता लागते ती येथे भावनेतून नव्हे, तर दिनक्रमातून निर्माण झाली.

'मैत्री' मासिक आणि प्रकाशनकार्य

गुरू-शिष्य या नात्यापेक्षा मित्रत्वाचे नाते विनोबांना अधिक जवळचे वाटे. स्वतःला गुरू म्हणवून घेण्यास ते तयार नसत. आसाममध्ये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या, स्त्रियांनीच चालविलेल्या आश्रमालाही त्यांनी 'मैत्री आश्रम' हे नाव दिले. ब्रह्मविद्या मंदिराने सुरू केलेले 'मैत्री' हे हिंदी मासिक याच विचाराचे अपत्य होय. आश्रमाने छपाई व प्रकाशनाचे कामही हाती घेतले. परंधाम प्रकाशनाच्या वतीने विनोबांचे ग्रंथ प्रसिद्ध होत राहिले आणि जन्मशताब्दीच्या सुमारास 'विनोबा साहित्य' या ग्रंथमालेचे काम झाले. कालिंदी यांनी विनोबांच्या भाषण-लेखनातून संकलित केलेले 'अहिंसा की तलाश' हे पुस्तक विनोबांचे आत्मकथन म्हणूनच वाचले जाते. त्याचा इंग्रजी अनुवाद मार्जरी साईक्स यांनी केला. विनोबांनी आत्मचरित्र लिहिले नाही. जे उपलब्ध आहे ते एका स्त्रीने दीर्घकाळ ऐकल्या-वाचल्याचे फळ आहे. या अर्थी पवनारच्या भगिनी विनोबा-विचाराच्या वाचक होत्या, तशाच त्या त्याच्या संपादकही होत्या.

या मासिकाची कसोटी आणीबाणीच्या काळात लागली. १९७४ पासून सर्वोदय परिवारात जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनावरून तीव्र मतभेद झाले. अनेक वर्षांचे स्नेही परस्परांपासून दुरावले. २५ डिसेंबर १९७४ ते २५ डिसेंबर १९७५ या काळात विनोबा मौनात होते. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलन भरले आणि देशात मोकळे वातावरण पुन्हा यावे, अशी भूमिका त्यातून पुढे आली. त्यानंतर गोवधबंदीसाठी उपोषणाचा निश्चय विनोबांनी जाहीर केला. तो छापणाऱ्या 'मैत्री'च्या प्रती जून १९७६ मध्ये पोलिसांनी आश्रमात येऊन जप्त केल्या. विनोबांच्या आणीबाणीविषयक भूमिकेवर पुढेही टीका होत राहिली आणि ती टीका दुर्लक्षिण्यासारखी नाही. परंतु ज्यांना राजकारणाबाहेरच्या म्हणून ओळखले जाई, त्या स्त्रियांचे मासिकही शासनाला धोक्याचे वाटले, ही घटना सहवाचनाच्या सामर्थ्याची साक्ष देते.

मर्यादा

या प्रयोगाच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. ब्रह्मचर्य व आश्रमजीवन स्वीकारणाऱ्या स्त्रियांचाच हा समूह असल्याने सर्वसामान्य गृहिणी, शेतमजूर स्त्री किंवा नोकरदार स्त्री यांना तो सहज अनुकरणीय नव्हता. वाचनात अध्यात्मग्रंथांचे प्राधान्य राहिले. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर महाराष्ट्रात हुंडा, बलात्कार, मालमत्तेचा हक्क यांविषयी जी स्त्री-चळवळ उभी राहिली तिची भाषा आणि पवनारची भाषा यांत मोठे अंतर होते. स्त्रियांनी नवे शास्त्र रचावे, ही अपेक्षा कितपत पूर्ण झाली, हा प्रश्नही उरतोच. संकलन आणि संपादन विपुल झाले, परंतु त्यात विनोबांचा शब्दच केंद्रस्थानी राहिला. गुरुपद नाकारणाऱ्या व्यक्तीचा प्रभावही किती खोल असू शकतो, हे यावरून दिसून येते.

समारोप

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे विनोबांचे निर्वाण झाले. अशा प्रसंगानंतर अनेक आश्रम विसर्जित होतात किंवा वारसाच्या वादात अडकतात. ब्रह्मविद्या मंदिरात वारस नेमण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तेथे प्रमुखाचे पद नव्हते. समूहाचे सामूहिक जीवन पुढे चालू राहिले. विनोबांच्या हयातीतील पहिल्या दशकात त्यांच्या अनुपस्थितीत जे शिकले गेले तेच त्यांच्या पश्चात उपयोगी पडले.

एका मातेला गीता कळेना म्हणून 'गीताई' झाली. स्त्रियांच्या एका समूहाने मिळून वाचण्याचा निश्चय केला म्हणून 'मैत्री' झाली. ग्रंथालये, अभ्यासमंडळे आणि महाविद्यालयीन वाचक-मंच चालविणाऱ्यांसाठी या इतिहासात एक व्यावहारिक सूचना आहे. वाचनाचा समूह टिकतो तो केवळ चांगल्या पुस्तकांमुळे नव्हे. वाचणाऱ्यांमध्ये श्रमाची आणि वेळेची न्याय्य वाटणी आहे काय, आणि प्रत्येकीच्या संमतीला समान मोल आहे काय, यावर त्याचे आयुष्य ठरते. धाम नदीच्या काठच्या या समूहाने ही गोष्ट कोणताही सिद्धान्त न मांडता, रोजच्या आचरणातून दाखवून दिली.