मागचा ॲक्सल बदलून उंच केलेली जीप : घेण्यापूर्वी काय पाहावे?

समजा, सुरतेच्या कतारगाम भागातील एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप विकाऊ असल्याचे कळले. छायाचित्रात गाडी भलतीच उंच दिसते, टायर दांडगे आहेत आणि विकणारा अभिमानाने सांगतो, की मागचा ॲक्सल बदलून गाडी पाच इंच उचलली आहे. ती गोव्यात आणून रानवाटांवर फिरवण्याचे स्वप्न पाहणाऱ्याला हे वर्णन भुरळ घालते. त्याने मात्र आधी स्वतःला विचारावे, की या गाडीचे नेमके काय उंच झाले आहे?

बैलगाडीच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याला आपण आस म्हणतो. आस चाकाच्या मध्यातून जातो, म्हणून चाक जितके मोठे तितका आस जमिनीपासून वर. खाचखळग्यांच्या वाटेवर मोठ्या चाकांची गाडी अडत नसे, त्यामागचे गणित एवढेच. मोटारीचा ॲक्सल हा त्याच आसाचा वंशज. फक्त त्याच्या पोटात डिफरेन्शियल असते आणि त्या दंतचक्रांना सामावणारा फुगीर भाग चाकाच्या मध्याहून बराच खाली लोंबतो. सलग ॲक्सलच्या जीपमध्ये दगड प्रथम लागतो तो याच फुगवट्याला. पाटे बदलून किंवा त्यांची जागा बदलून गाडी उचलली, की चासी आणि बॉडी वर जातात, फुगवटा मात्र होता तेथेच राहतो. तो वर न्यायचा तर टायर मोठे हवेत. २८ इंच व्यासाच्या जागी ३१ इंचांचे टायर घातले, तर ॲक्सल दीड इंच वर येतो. म्हणजे पाच इंचांची उचल ही मुख्यतः मोठ्या टायरांना जागा करून देण्यासाठी आणि चढ-उतारावर गाडीचे नाक, शेपूट व पोट टेकू नये यासाठी असते. हा भेद न सांगता ‘ग्राउंड क्लिअरन्स पाच इंचांनी वाढला’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

विलीज घराण्याच्या जुन्या जीपमध्ये आणि १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीतही पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते काढून ॲक्सलच्या वर बसवले, की ॲक्सलच्या नळीची व पाट्यांच्या जुडग्याची जाडी मिळून गाडी साधारण पाच इंच वर येते. ही सर्वांत स्वस्त युक्ती. त्यासाठी पाट्यांची बैठक ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूने नव्याने वेल्ड करावी लागते. दुसरी पद्धत दुसऱ्या गाडीचा, बहुधा अधिक दणकट आणि वरच्या बाजूस बैठक असलेला ॲक्सल आणून बसवण्याची. तिसरी महागडी पद्धत पोर्टल ॲक्सलची. यात चाकाजवळ गिअरची पेटी असते आणि ॲक्सल चाकाच्या मध्याहून वर राहतो, त्यामुळे फुगवटाही खरोखर उंच जातो. जर्मन उनिमॉग ट्रकची ख्याती यावरच उभी आहे. आपल्याकडच्या जुन्या जीपच्या बाजारात मात्र बहुतेक वेळा पहिल्या दोन पद्धतींशीच गाठ पडते.

बदली ॲक्सल आणताना पहिली अडचण दातांच्या प्रमाणाची. जुन्या विलीज जीपमध्ये क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात, म्हणजे ५.३८ हे प्रमाण असे. मागे वेगळ्या प्रमाणाचा ॲक्सल बसवला आणि पुढचा तसाच ठेवला, तर फोर-व्हील लावताच पुढची व मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात. चिखलात चाके घसरून ताण निघून जातो. डांबरी रस्त्यावर तो गिअरांवर व शाफ्टवर येतो. शिवाय या जीपमध्ये मागचे डिफरेन्शियल मध्यभागी नसून एका बाजूला असते. मध्यभागी डिफरेन्शियल असलेला ॲक्सल आणला, तर प्रोपेलर शाफ्ट आडव्या दिशेनेही तिरका होतो. चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ जुळल्याने गफलत वाढते. जीप आणि जिप्सी दोन्हींत पाच बोल्ट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. तेव्हा चाक बसते, आणि चाक बसले म्हणजे ॲक्सलही जुळला असे वाटू लागते.

खरी डोकेदुखी प्रोपेलर शाफ्टची. गाडी उचलली की तो अधिक उतरता होतो. त्याच्या दोन टोकांचे क्रॉस जॉइंट एकमेकांची चढउतार रद्द करतात, पण दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. ते बिघडले की विशिष्ट वेगाला गाडी थरथरू लागते आणि क्रॉस लवकर जातात. उपाय म्हणून पिनियनचे तोंड वर फिरवतात. फार वर फिरवले तर पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल पोहोचत नाही. पाटे ॲक्सलच्या वर गेल्यावर आणखी एक व्याधी जडते. जोराने ॲक्सिलरेटर दाबताच पाटे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळतात आणि पिनियन वर उसळतो. जाणता मिस्त्री त्यासाठी ॲक्सलला आडकाठी देणारा दांडा बसवतो. घाईने केलेल्या कामात तो क्वचितच दिसतो.

ब्रेकचा भाग तर जिवाशी खेळणारा. होज पाइप आखूड पडतो, हे सहज ध्यानात येते. अनेक गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह भार पाहून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो, हे येत नाही. गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी सदैव रिकामी भासते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. केवळ मागचीच बाजू उचलली असेल, तर पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन घटून स्टिअरिंग भरकटते. उलटण्याचा धोका साध्या भागाकारातून कळतो. दोन चाकांमधील अंतर १३० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर धरला, तर अंतराला उंचीच्या दुपटीने भागून १ येतो. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला की तोच आकडा ०.८७ होतो. वळणावरची स्थिरता जवळजवळ आठव्या हिश्श्याने गेली.

गोव्यात या उंचीचा मोह समजण्यासारखा आहे. कुळेहून दूधसागरच्या पायथ्याशी जाणाऱ्या जीप वाटेत ओढे ओलांडतात, आणि २०१४ पासून येथे भर पावसाळ्यात होऊ लागलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये उंच केलेल्या गाड्या सर्वांनी पाहिल्या आहेत. पण पाण्यातही नुसती उंची पुरत नाही. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. ॲक्सलच्या हवेच्या छिद्राला नळी जोडून ती वर बॉनेटपर्यंत नेणे हे काही रुपयांचे काम आहे, आणि नेमके तेच विसरले जाते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याच्या व्याख्येत गाडीचे मूलभूत स्वरूप पालटणारा रचनेतील फेरफार येतो. ॲक्सल बदलून पाच इंच चढवलेली गाडी या व्याख्येबाहेर राहील, असे समजणे धाडसाचे आहे. स्पर्धेचे मैदान वेगळे. तेथवर अशी गाडी ट्रेलरवर लादून न्यावी.

परराज्यातील गाडी घेताना मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि घेणाऱ्याला हस्तांतराची सूचना ३० दिवसांत द्यावी लागते. तेव्हा कतारगामची ती जीप पाहायला जाणाऱ्याने टॉर्च घेऊन गाडीखाली शिरावे. पाट्यांच्या बैठकीचे वेल्डिंग सलग आहे की ठिपक्याठिपक्यांचे, नळी वाकली आहे का, यू-बोल्ट नवे आहेत का, होज पाइप ताणला आहे का, हे पाहावे. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी साठपर्यंत नेऊन थरथर जाणवते का, ते तपासावे. टायर मोठे असल्यास काटा साठ दाखवील तेव्हा खरा वेग सहासष्टच्या घरात असेल, हेही लक्षात ठेवावे. आणि काढलेला मूळ ॲक्सल विकणाऱ्याच्या अंगणात अजून पडून असेल, तर तो व्यवहारातच मागून घ्यावा. गोव्यात नोंदणीसाठी गाडी तपासणीला नेण्याआधी तो परत बसवावा लागण्याचीच शक्यता अधिक.