एतद्देशीयांचा आयुर्विमा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यास माहुल हे कोळ्यांचे जुने गाव आहे. तेथील खाडीतून निघालेली एखादी होडी सुखरूप परतेल की नाही, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. परंतु हजार होड्यांचा वीस वर्षांचा हिशेब ठेवणारा मनुष्य पुढील साली सुमारे किती होड्या बुडतील, याचा बराच नेमका अदमास करील. माणसाच्या आयुष्याचेही असेच आहे. एकाचे मरण अनिश्चित, पण हजारांचे मृत्युमान पुष्कळसे निश्चित. आयुर्विम्याचे शास्त्र उभे आहे ते यावरच.

मोजदाद नसेल तेथे मात्र तर्क शिरतो, आणि तर्काबरोबर पूर्वग्रह. १८१८ साली कलकत्त्यास ओरिएंटल लाइफ इन्शुअरन्स कंपनी निघाली, ती मुख्यतः युरोपियनांच्या सोयीसाठी. पुढे परदेशी कंपन्या एतद्देशीयांचे विमे उतरवू लागल्या, पण जादा हप्ता आकारून. हिंदी मनुष्य अल्पायुषी, ही त्यांची समजूत. ती सर्वस्वी निराधार होती असे नव्हे. साथी आणि दुष्काळ यांनी त्या काळी माणसे खरोखरच फार मरत. परंतु विमा उतरविणारा बहुधा खाऊनपिऊन सुखी असा नोकरदार वा व्यापारी. साऱ्या देशाचे मृत्युमान त्याच्या माथी मारणे हा हिशेब नव्हे.

हा भेद प्रथम मुंबईने मोडला. १८७० साली स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीने एतद्देशीयांचे विमे सर्वसामान्य दराने घेतले. १८७४ साली ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी कंपनी निघाली. कलकत्त्याच्या कंपनीशी तिचे साम्य नावापुरतेच. सातारा येथे अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया कंपनी काढली, तेव्हा विमा जिल्ह्याच्या गावी पोहोचला. पुढे ओरिएंटलच्याच १९२५ ते १९३५ या काळातील विमेदारांवरून मृत्युमानाचे कोष्टक तयार झाले व ते देशात दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. हिंदी आयुष्य अखेर हिंदी आकड्यांनी मोजले गेले.

दर न्याय्य झाला, तरी पैसा सुरक्षित राहील कशावरून? पंचविशीत मरणाचा धोका थोडा, साठीत मोठा. हप्ता मात्र एकच. तारुण्यात अधिक घेतलेली रक्कम साठते व उतारवयातील तूट भरून काढते. हा साठा कंपनीचा नफा नव्हे. ते विमेदारांचे देणे होय. तो नफा समजून उधळणाऱ्या चालकास प्रथमदर्शनी कोणी ओळखूही शकत नाही, कारण मागणी येते ती पुष्कळ वर्षांनी, आणि तीही बहुधा विधवेकडून. म्हणून १९१२ व १९३८ चे कायदे आले. सावकारापासूनचे संरक्षण निराळे: पत्नी व मुले यांच्या हितासाठी घेतलेल्या विम्यास ते १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने दिले, पण हिंदू व मुसलमान कुटुंबांस त्याचा लाभ १९२३ च्या दुरुस्तीनेच निःसंशय झाला.

कायद्यांनीही गैरव्यवहार थांबेनात. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून २४५ संस्थांचा आयुर्विमा-व्यवहार सरकारने ताब्यात घेतला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी ते आकाशवाणीवरून देशास सांगितले. १ सप्टेंबर रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले, मुख्य कचेरी मुंबईतच. देशमुख तेव्हा मंत्री नव्हते. त्याच मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैत राजीनामा दिला होता.