सोलापूर रस्त्यावरचा ताप

गेल्या पावसाळ्यात शिक्षकांच्या खोलीत एकजण सहज बोलून गेले, "हा चिकुनगुनिया त्या वस्तीतूनच येतो, घाण किती तिथे." ती वस्ती आमची. मी काही बोललो नाही. घरी येऊन मात्र वाचत बसलो.

आमच्या हडपसरच्या गाडीतळावरून सोलापूरकडे एसट्या जातात. लोणी, उरुळी, यवत, इंदापूर. टेंभुर्णीहून डावीकडे बार्शी. या तापाचा बराच इतिहास याच रस्त्याकडेला निघाला.

रोगाचे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतले, अर्थ सांधेदुखीने वाकणे. 1952 साली टांगानिकात हा रोग प्रथम ओळखला गेला. 1963 मध्ये कोलकाता, 1965 मध्ये नागपूर, 1973 मध्ये बार्शी. मग तीसेक वर्षे मोठी साथ नाही. पण 2000 साली यवतच्या डासांत हा विषाणू मिळाला. तपासणीत तो आफ्रिकी वंशाचा निघाला. बार्शीचा होता आशियाई वंशाचा.

एडिस डास आयुष्यात काहीशे मीटरपलीकडे सहसा उडत नाही. लांबचा प्रवास माणूस करतो. तापाच्या पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात असतो, आणि तेवढ्यात माणूस एसटीत, रेल्वेत, विमानात बसलेला असतो. 2004 मध्ये केनिया, पुढे कोमोरोस, रीयुनियन बेटे, 2005 च्या अखेरीस आंध्र-कर्नाटक. फेब्रुवारी-मार्च 2006 मध्ये एकट्या मालेगावात दोन हजारांहून जास्त रुग्ण! वर्षभरात देशातले संशयित तेरा लाखांवर गेले.

हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर साथीची खबर मिळताच सरघहून माघारी फिरले, ही हकीकत मी मुलांना सांगतो. पण त्यांना खबर आधी मिळाली होती. इथे तर नुसती कणकण वाटणारा माणूसही विषाणू घेऊन गावाला पोहोचतो.

आणि घाण म्हणाल, तर एडिसला गटार नको असते. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते: पिंप, रांजण, कूलर. नळाला रोज पाणी येते तिथे पिंपे कोण भरून ठेवील? अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासायला सांगतात. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचाच भरवसा नाही. भरलेले पिंप ओतून द्यायला कुणाचा हात धजत नाही.