प्रवासी रोगतपासणी (रायगड किनारा)

साथीच्या काळात बंदर, स्थानक, विमानतळ किंवा जिल्ह्याची वेस ओलांडणाऱ्या माणसाला अडवून त्याच्या अंगावर रोगाची चिन्हे शोधणे आणि संशय आला तर त्याला काही दिवस वेगळे ठेवणे, म्हणजे प्रवासी रोगतपासणी. रायगड जिल्ह्याच्या (१ जानेवारी १९८१ पूर्वीचा कुलाबा) किनाऱ्याला ती दोनदा फार जवळून भेटली : एकदा १८९६ नंतरच्या प्लेगात आणि पुन्हा २०२० च्या कोरोनात. दोन्ही वेळी साथ मुंबईत भडकली होती आणि तिथून निघालेली माणसे बरीचशी इकडचीच, आपल्या घराकडे येणारी होती. या किनाऱ्यावरच्या तपासणीचा सगळा पेच त्यातच आहे.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. (ही मांडवी गोदीलगतची, धान्याच्या वखारींची. अलिबाग तालुक्यातला मांडवा वेगळा.) पुढच्या चार-पाच महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेले ते शहर जवळजवळ निम्मे रिकामे झाले. गुजरात, दख्खन आणि वरचे कोकण आगगाडीने गाठता येई. पेण, अलिबाग, महाडकडच्या माणसाला मात्र समुद्र जवळचा. मुंबईहून धरमतरपर्यंत आगबोट चाले आणि वाटेत मांडवा, रेवस अशी बंदरे लागत. त्याशिवाय मचवे, पडाव आणि होड्या होत्याच.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. इतका तोकडा आणि इतका व्यापक कायदा क्वचितच असेल. आगगाडीने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना रुग्णालयात वा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवण्याचा अधिकार त्याने दिला. मुंबईतून बाहेर पडणाऱ्या वाटांवर आणि बंदरांत डॉक्टर उभे राहिले. कल्याण हे त्यातले मोठे ठाणे. उतारूंना फलाटावर उतरवून रांगेत उभे करत, नाडी आणि ताप पाहत, मग मान, काख आणि जांघ चाचपत, कारण गाठीच्या प्लेगची गाठ तिथेच उठते. परक्या पुरुषाने बाईच्या अंगाला चारचौघांत हात लावायचा, हे त्या काळच्या समाजाला रोगाहून भयंकर वाटले. पुढे स्त्री डॉक्टर आणि परिचारिका नेमल्या गेल्या, तरी मनात बसलेली अढी गेली नाही. पुण्यातल्या घरतपासणीचा संताप कुठवर गेला, ते २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावर झाडलेल्या गोळीने दाखवले.

आगगाडीला कल्याणला थांबवता येते; मचव्याला कुठे थांबवणार? या किनाऱ्याला धरमतरची खाडी आहे, कुंडलिकेचे मुख आहे, राजपुरीची आणि बाणकोटची खाडी आहे. भरतीच्या पाण्यावर होडी थेट गावाच्या बांधाला लागते. त्यात मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता, म्हणजे एकाच किनाऱ्यावर दोन अंमल. अशा ठिकाणी तपासणीचे ठाणे म्हणजे शंभर दारांच्या वाड्याच्या एका दारावर बसवलेला पहारेकरी.

शिवाय पहारेकरी बघत होता भलतीकडेच. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला ओळखला होता, पण तो उंदराकडून पिसवेमार्फत माणसाकडे येतो, ही गोष्ट पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये मांडली. ती सर्वमान्य व्हायला १९०५ नंतरच्या, परळच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनाची वाट पाहावी लागली. तोवर माणसाची काख चाचपली जात होती. धान्याच्या पोत्यात किंवा कपड्यांच्या बोचक्यात बसून पिसू सुखरूप पार होई. बोचकी वाफेने वा औषधाने निर्जंतुक करण्याचा जो सोपस्कार लोकांना निव्वळ छळ वाटे, त्यातच त्या सगळ्या खटाटोपातला थोडाफार उपयोग दडलेला होता.

तपासणी आणि विलगीकरण हे वैद्यकाइतकेच राजकारणाचेही हत्यार असते, हे मुंबईहून निघालेल्या दोन जहाजांनी अनुभवले. ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ डिसेंबर १८९६ मध्ये दरबानला पोहोचली. ‘कुरलँड’वर मोहनदास गांधी सहकुटुंब होते. मुंबईत प्लेग आहे, एवढ्या कारणावर सुरू झालेली अडवणूक १३ जानेवारी १८९७ पर्यंत लांबली. जहाजावर प्लेगचा रोगी नव्हता. किनाऱ्यावर मात्र हिंदी लोक उतरू नयेत म्हणून गोऱ्यांचा जमाव होता. त्याच हंगामात, युरोपीय राष्ट्रांच्या दडपणामुळे, मुंबईहून हजला जाणाऱ्यांची वाट सरकारने बंद केली. व्हेनिसला १८९७ मध्ये भरलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद खास प्लेगसाठीच होती. ‘क्वारंटाइन’ हा शब्दही मूळचा त्याच शहराचा, चाळीस दिवसांच्या मुक्कामावरून पडलेला.

आज या किनाऱ्यावरची बारमाही तपासणी उरण तालुक्यात चालते, आणि ती सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराचे आरोग्य कार्यालय शेव्याला आहे. परदेशी जहाजाच्या कप्तानाला प्रवासात कोण आजारी पडले, कोण दगावले, याचे आरोग्यपत्र द्यावे लागते. परवानगी मिळेपर्यंत जहाजाने पिवळे निशाण लावायचे. एकेकाळी पिवळा रंग रोगाची खूण होती. आता त्याच निशाणाचा अर्थ ‘जहाज निरोगी आहे, आत घ्या’ असा होतो. या कार्यालयांची सर्वांत कडक नजर पीतज्वरावर असते. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरच्या पिंपात आहे. म्हणून आफ्रिका वा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून लशीच्या दाखल्याविना आलेल्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. तपासणीने खरोखर काही साधते ते अशा ठिकाणी : मोजके मार्ग, खात्रीची लस आणि कागदावर पडताळता येणारी गोष्ट.

ताप मोजण्याचे तसे नाही. २००३ मध्ये सार्सच्या साथीत कॅनडाने सुमारे ६५ लाख प्रवासी तपासले आणि त्यांत सार्सचा एकही रोगी सापडला नाही. २०१४ मध्ये लायबेरियातून निघालेला इबोलाचा एक रोगी मन्रोव्हियाच्या विमानतळावर ताप मोजून अमेरिकेत पोहोचला, कारण त्या दिवशी त्याला ताप नव्हता. इबोला अंगात २१ दिवसांपर्यंत दबून राहू शकतो.

कोरोनाने हेच पुन्हा शिकवले. मुंबई विमानतळावर जानेवारी २०२० मध्ये चीनहून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले, तेही दुबईहून परतलेले. एप्रिलच्या आरंभी मुंबई विमानतळावर तैनात असलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे अकरा जवान बाधित निघाले. ते पनवेल परिसरात, म्हणजे रायगड जिल्ह्यात, विलगीकरणात होते. दारावर राखण करणाऱ्यांनाच रोगाने गाठले होते. घरी वेगळे राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला निवडणुकीच्या शाईचा शिक्का मारण्याचा निर्णयही त्याच मार्चमधला. अंमल चालला तो १८९७ च्याच कायद्याचा.

पण किनाऱ्याच्या गावांना विमानाची फिकीर नव्हती. त्यांना चाकरमान्याची काळजी होती आणि धास्तीही. ग्रामकृती दलांनी येणाऱ्यांची नोंद ठेवली, जिल्हा परिषदेच्या शाळा विलगीकरणाला दिल्या. मुंबईच्या मनीऑर्डरवर पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटलेल्या गावांत मुंबईकर ‘कोरंटाइन’ झाला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कौले, पत्रे, सुपारीच्या बागा पाडल्या, तेव्हा घर सावरायला जायचे तरी ई-पास हवाच होता. गणपतीसाठी सरकारने हिशोब मांडला : १२ ऑगस्टपर्यंत पोहोचा आणि दहा दिवस घरात राहा, त्यानंतर येणार असाल तर चाचणी करून या. पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटात, रायगड-रत्नागिरीच्या सीमेवर, गाड्यांच्या रांगा लागल्या.

भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली होती आणि टाळेबंदीने लगेच बंद पडली. ती पुन्हा सुटली २० ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी.