फुरशांचा कातळ

आजोबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट. ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप मारून दाखवला की सरकार बक्षीस द्यायचं. पोरंटोरंसुद्धा काठ्या घेऊन कातळावर जात, दगड उलटे करत आणि मेलेली फुरशी फडक्यात बांधून आणत. गोष्ट खरी आहे. त्या काळात हजारोंनी फुरशी मारली गेली. आजोबा एवढं सांगून थांबायचे, मग म्हणायचे, "पण कातळ काही रिकामा झाला नाही."

होणार कसा? जांभ्याच्या सड्यावर पावलोपावली भेगा, सैल दगड, कोरडे गडगे. खायला विंचू, पाली, बेडूक. फुरसं अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतं. जेमतेम हात-दीड हात लांबीचं, मातीच्या रंगाचं हे जनावर दिवसा दगडाखाली पडून राहतं आणि रात्री बाहेर पडतं. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून, अंगावरच्या खरखरीत खवल्यांचा 'खर्रर्र' असा आवाज करतं. तो ऐकला की जागच्या जागी थांबायचं, हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलेलं.

आजीचे नियम त्याहून बारीक होते. दगड उचलायचा तर पलीकडची कड धरून आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खालचं जनावर समोरच्या बाजूला मोकळं होतं आणि दगड आपल्या पायांपुढे आडवा येतो. गवताचा भारा रात्रभर कातळावर राहिला असेल तर आधी काठीने हलवायचा, मगच हात घालायचा. गोठ्यात कंदिलाशिवाय जायचं नाही. लाकडं घराच्या भिंतीला लावून रचायची नाहीत. तिला हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं, पण यातलं एकही आज खोडून काढावं असं मला वाटत नाही.

दंश झाल्यावर काय करायचं, इथे मात्र त्या पिढीचा हात रिता होता. आजोबांच्या धाकट्या बहिणीला गवत कापताना फुरसं डसलं. मांत्रिक आला, कडुनिंबाचा पाला झाला, दोरी आवळून बांधली. संध्याकाळी ती उठून बसली, पेज प्याली. विष उतरलं म्हणून नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, मग लघवीतून. आठवड्याच्या आत ती गेली. आजोबा हे सांगताना मांत्रिकाला कधी शिव्या देत नसत, आणि मीही देणार नाही. फुरशाचा घात असाच सावकाश असतो. त्याच्या विषाने रक्त गोठवणारे घटक हळूहळू संपत जातात, माणूस मात्र आधी ठणठणीत दिसतो. शिवाय काही दंशांत विष फारसं अंगात जातच नाही. ती माणसं मंत्राशिवायही वाचली असती. पण त्यांच्याच जोरावर मंत्राची कीर्ती वाढत गेली.

ही फसगत ओळखायला आज लागते एक स्वच्छ, कोरडी काचेची नळी. तीत रुग्णाचं थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी आडवी करतात. रक्त पातळच राहिलं, तर विष अंगात भिनलेलं आहे. मग प्रतिविष. घोड्यांना विषाचे अल्प डोस टोचून, त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. आजोबांच्या बहिणीपर्यंत ते पोहोचलं नाही याचा राग मला अजून येतो.

आता त्याच कातळावर हापूसची कलमं उभी आहेत. हंगामात नेपाळहून राखणदार येतात, झापाच्या खोपीत जमिनीवर झोपतात. त्यांना ना फुरशाचा आवाज ओळखीचा, ना आजीचे नियम. म्हणून मोहर धरायच्या आधीच मी त्यांना खाट, मच्छरदाणी, विजेरी आणि घोट्यावर येणारे बूट देतो. आवाज तोंडाने करून दाखवतो. डसलं तर दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, पाय हलू न देता गाडीत घालायचं. आणि ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे हंगामाच्या सुरुवातीलाच जाऊन विचारून येतो. नसेल, तर पुढचं रुग्णालय कुठलं आणि तिथे न्यायला गाडी कोणाची, हे त्याच दिवशी ठरवून ठेवतो.